कडाक्याच्या हिवाळ्यापूर्वी खुराडे आणि तलंगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिथे रात्रीत पाणी गोठते आणि बर्फ आठवडेच्या आठवडे वितळत नाही, अशा ठिकाणी पहिल्यांदाच कोंबड्या सांभाळणाऱ्यांच्या मनात येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात किंवा त्यानंतर उबलेली पिल्ले आहेत आणि ती पूर्ण वाढण्याआधीच थंडी दारात येऊन ठेपणार आहे, त्यांचा विचार यात अधिक केला आहे.

गोठवणाऱ्या थंडीत कोंबड्या मुळात जगतात कशा?

कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश सेल्सिअस असते, म्हणजे माणसापेक्षा बरेच जास्त, आणि ते टिकवण्यासाठी तिच्याजवळ पिसांचे पांघरूण असते. वरच्या पिसांखाली जी मऊ लव असते तिच्यात हवा अडकून राहते आणि ही अडकलेली हवाच खरी ऊब धरते. म्हणून गारठ्यात कोंबडी पिसे फुलवून गोल होऊन बसते. पायांवर पिसे नसली तरी तिथे गरम रक्त नेणाऱ्या आणि थंड रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना लागून असल्यामुळे परतणारे रक्त वाटेतच तापते व शरीरातील उष्णता फारशी वाया जात नाही. चांगली पिसे आलेली, पोटभर खाल्लेली आणि हळूहळू सवय झालेली कोंबडी शून्याच्या बऱ्याच खालची थंडी सहन करते. मात्र पिसे ओली झाली किंवा वाऱ्याच्या झोताने सारखी उचकटली गेली, की अडकलेली हवा निघून जाते आणि तीच कोंबडी त्याहून सौम्य थंडीतही आजारी पडते. त्यामुळे पुढील बहुतेक उत्तरे गारठ्यापेक्षा ओलीविषयी अधिक बोलतात.

तयारी किती आधी सुरू करावी?

पहिले पाणी गोठण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी. छताची गळती शोधायला एखादा पाऊस मिळावा लागतो, लाकडी दारे फुगली असतील तर ती तासावी लागतात, आणि तलंगांना, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्यांना, नव्या जागेची व मोठ्या कोंबड्यांची सवय व्हायला काही आठवडे जातातच.

सगळ्या फटी बुजवून खुराडे घट्ट बंद केले, तर ते उबदार राहणार नाही का?

काही अंशी उबदार राहील, पण त्या उबेची किंमत फार मोठी असते. कोंबड्या रात्रभर श्वासावाटे बाष्प सोडत असतात आणि ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. हे बाष्प बाहेर पडायला वाट नसेल तर ते थंड पत्र्यावर आणि भिंतींवर साचते, थेंब होऊन पक्ष्यांच्या पाठीवर आणि जमिनीवर अंथरलेल्या भुशाच्या गादीवर पडते, गादी भिजली की अमोनिया सुटतो, आणि ओलसर हवेत तुऱ्याला हिमदंश होण्याचा धोका वाढतो. आमच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही काळजीपोटी प्रत्येक भेगेत चिंध्या कोंबल्या होत्या. पंधरा दिवसांत छताच्या आतल्या बाजूला बर्फाचा पापुद्रा धरला आणि कोंबड्याच्या तुऱ्याची टोके काळी पडली. चिंध्या काढून वरची झडप उघडल्यावर खुराडे अधिक थंड झाले, पण कोरडे झाले, आणि त्यानंतर एकाही पक्ष्याला नव्याने इजा झाली नाही.

येथे वायुवीजन आणि झोत यांतला फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे. उबदार, बाष्पाने भरलेली हवा वर चढते, म्हणून तिला बाहेर जाण्याची वाट छताच्या लगत, बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर असावी, शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंना, आणि नेहमीच्या वाऱ्याची दिशा सोडून. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या उंचीवर मात्र एकही फट असू नये. एक मऊ फीत दांडीला बांधून वाऱ्याच्या रात्री ती हलते का ते पाहावे: ती लटकून स्थिर राहत असेल आणि छताजवळची फीत हळूच हलत असेल, तर रचना बरोबर आहे. वरच्या झडपा रात्रीही बंद करू नयेत. हिमवादळात बर्फ थेट आत येत असेल तर फक्त त्या बाजूची झडप तेवढ्यापुरती झाकावी.

आतली हवा चांगली आहे की नाही हे कसे ओळखावे?

पहाटे, दार उघडण्यापूर्वी खिडकीची काच आणि छताची आतली बाजू पाहावी. तिथे पाण्याचे थेंब किंवा दव गोठलेले दिसले तर वायुवीजन कमी पडते आहे. मग आत जाऊन खाली बसावे आणि कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक आणून वास घ्यावा, कारण उभ्या माणसाला जो अमोनिया जाणवत नाही तो गादीजवळ असू शकतो. हवेतील अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) पुढे गेला की पक्ष्यांच्या डोळ्यांना व श्वसनमार्गाला इजा होऊ लागते, आणि आपल्या नाकाला तो स्पष्ट कळू लागतो तेव्हा ही मर्यादा जवळ आलेली असते. तुमचे डोळे चुरचुरत असतील, तर त्या हवेत रात्रभर बसणाऱ्या तलंगांचे काय होत असेल याचा विचार करून त्याच दिवशी गादी बदलावी.

भिंतींना आणि छताला उष्णतारोधक थर लावावा का?

छताला अवश्य लावावा, विशेषतः छत पत्र्याचे असेल तर, कारण बाष्प सर्वांत आधी तिथेच थिजते. भिंतींचे महत्त्व त्यानंतर. कोणताही थर लावला तरी तो प्लायवूडने किंवा फळीने पूर्ण झाकावा. थर्माकोल उघडा दिसला की कोंबड्या तो टोचून टोचून खातात, आणि उघड्या पोकळीत उंदीर घर करतात.

खुराड्यात तापदिवा किंवा हीटर लावावा का?

पूर्ण पिसे आलेल्या, निरोगी पक्ष्यांसाठी आम्ही याची शिफारस करत नाही, आणि हे मत आम्ही पूर्ण विचारांती मांडत आहोत. पहिले कारण आगीचे. कोरडे तूस, भुसा, जाळी, धूळ आणि उडणारे पक्षी यांच्यामध्ये २५० वॉटचा तापलेला दिवा टांगणे म्हणजे एका सैल गाठीवर सगळा कळप सोपवणे होय. दुसरे कारण सवयीचे: उबेत वाढलेल्या कोंबडीला थंडीसाठी लागणारी दाट पिसे आणि खाण्याची सवय लागत नाही, आणि मग वादळाच्या रात्री वीज गेली की काही तासांत तापमान वीस-पंचवीस अंशांनी कोसळते. अशी अचानक घसरण सतत असणाऱ्या थंडीपेक्षा कितीतरी घातक असते.

लहान पिल्लांना किंवा आजारी पक्ष्याला ऊब द्यावीच लागत असेल, तर उघड्या दिव्यापेक्षा कमी तापणारी ब्रूडर प्लेट (पिल्लांना खाली बसून ऊब घेता येते अशी पाटी) किंवा भिंतीवर पक्की बसवलेली सपाट तापपट्टी वापरावी. दिवाच वापरायचा असेल तर त्याला जाळीचे आवरण असावे, तो साखळीने आणि शिवाय दुसऱ्या स्वतंत्र तारेने बांधलेला असावा, आणि त्याच्या काचेवर टेफ्लॉनसारखा लेप नसल्याची खात्री करावी, कारण तो लेप तापल्यावर निघणारा वायू पक्ष्यांना मारतो. कोळशाची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह बंद खुराड्यात कधीही ठेवू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गादी कशाची आणि किती जाड असावी?

लाकडाचा भरड भुसा, रंध्याचे छिलके किंवा भाताचे तूस उत्तम. नुसता गवताचा पेंढा ओल धरून ठेवतो आणि आतून बुरसतो, त्यामुळे तो वापरायचाच तर बारीक तोडून भुशात मिसळावा. बारीक पिठासारखा भुसा मात्र टाळावा, कारण त्याची धूळ श्वासात जाते.

हिवाळ्यासाठी जाड गादीची पद्धत फार उपयोगी पडते. सुरुवात कोरड्या, स्वच्छ जमिनीवर १० ते १५ सेंटिमीटर थराने करावी आणि हिवाळाभर वरून नवा थर देत ती सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढू द्यावी. आठवड्यातून एक-दोनदा दाताळ्याने ती खालवर करावी. मूठभर धान्य विखुरले तर हे काम कोंबड्या उकरून स्वतःच बरेचसे करतात. खालच्या थरातील जिवाणू विष्ठा कुजवतात आणि त्यातून थोडी ऊबही निर्माण होते, पण हे सगळे ओल प्रमाणात असेल तरच घडते. मूठभर गादी दाबून पाहावी: हात उघडल्यावर ती क्षणभर एकत्र राहून सुटी झाली तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ती फार ओली आहे, एकत्र आलीच नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी. दांडीखाली आणि पाण्याच्या भांड्याभोवती जी ढेकळे धरतात ती लगेच उचलून टाकावीत. दांडीखाली फळी बसवून रोजची विष्ठा सकाळी खरवडून नेली, तर आतली निम्मी ओल आपोआप बाहेर जाते असे म्हणायला हरकत नाही, कारण पक्षी सर्वाधिक वेळ तिथेच बसलेले असतात.

बसण्याची दांडी कशी असावी?

लाकडाची, सपाट, सुमारे ८ ते १० सेंटिमीटर रुंद आणि कडा गोलसर केलेली. गोल बारीक दांडी धरताना बोटे खाली वळून उघडी राहतात. सपाट दांडीवर पाय पसरून बसल्यावर पोटाची पिसे बोटांवर पूर्ण झाकली जातात. लोखंडी नळी वापरू नये. प्रत्येक पक्ष्याला २० ते २५ सेंटिमीटर जागा पुरते, आणि कडाक्याच्या रात्री त्या त्याहूनही जवळ सरकतात.

पिल्ले कोणत्या वयात थंड खुराड्यात हलवावीत?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि याचे उत्तर केवळ वयाच्या आकड्यात देणे योग्य नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश ऊब लागते. त्यानंतर दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी कमी करत सहाव्या आठवड्याच्या सुमारास २१ अंशांपर्यंत आणतात. तोवर बहुतेक जातींच्या पिल्लांच्या अंगावर लवेच्या जागी पिसे आलेली असतात. पण सहा आठवड्यांचे पिल्लू २१ अंशांत सुखी असणे आणि तेच पिल्लू उणे १० अंशांत टिकणे या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून तापमान खाली आणण्याचे काम सहाव्या आठवड्यात थांबवू नये. त्यांना प्रथम घराच्या न तापवलेल्या पण बंदिस्त भागात, पडवीत किंवा कोठारात आणावे, दुपारच्या उन्हात काही तास खुराड्यात सोडावे, आणि रात्रीचे तापमान टप्प्याटप्प्याने उतरू द्यावे. सकाळी थंडीत आणि संध्याकाळी पुन्हा तापलेल्या स्वयंपाकघरात, असे रोज आणणे-नेणे करू नये. त्यात शरीराला कशाचीच सवय होत नाही. पंखांखाली, पाठीवर आणि मानेवर हाताने पिसे बाजूला करून पाहावे. तिथे उघडी कातडी किंवा नुसती लव दिसत असेल तर पिल्लू अजून तयार नाही. आमच्या मते सतत गोठणाऱ्या थंडीत ऊब न देता ठेवायचे तर पक्षी निदान १२ आठवड्यांचे, सवय झालेले आणि एकत्र बसायला पाच-सहा सोबती असलेले असावेत. उशिरा उबलेल्या पिल्लांसाठी ही वेळ साधणार नसेल, तर त्यांना हिवाळाभर आतच ठेवणे हा कमीपणा नाही. आणि निवड हातात असेल, तर थंडी सुरू होण्याच्या तोंडावर पिल्ले आणूच नयेत, असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते.

तलंगा दांडीवर बसत नाहीत, कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून झोपतात. चालेल का?

चालणार नाही. ढिगाच्या तळाशी असलेले पक्षी गुदमरून मरू शकतात, आणि वाचले तरी ओल्या पिसांनी उठतात. थंडी, भीती किंवा नवी जागा यांमुळे असे ढीग होतात. कोपऱ्यात पुठ्ठा वाकवून लावून तो गोलसर करावा, सुरुवातीला दांडी गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवावी, आणि अंधार पडल्यावर एकेकीला उचलून दांडीवर बसवावे. आठवडा-दहा दिवस न चुकता केले की बहुतेक तलंगा आपणहून चढू लागतात.

मोठ्या कोंबड्यांमध्ये तलंगा कधी मिसळाव्यात?

थंडी पडण्यापूर्वी. हिवाळ्यात सगळ्यांना एकाच छपराखाली दिवसेंदिवस कोंडून राहावे लागते आणि त्या दाटीत नव्या पक्ष्यांवरचा मार तीव्र होतो. आधी दोन आठवडे जाळीआडून एकमेकांना पाहू द्यावे, मग एकत्र करावे. मार खाणारी तलंग मुख्यतः खाद्यापासून वंचित राहते, आणि उपाशीपोटी रात्र काढणे हाच तिच्यासाठी खरा धोका असतो. म्हणून खाद्याची व पाण्याची दोन-दोन ठिकाणे ठेवावीत, तीही एकमेकांना दिसणार नाहीत अशी. संध्याकाळी दांडीवर बसलेल्या तलंगेच्या गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून पाहावी; ती भरलेली लागली पाहिजे. छातीचे हाड सुरीसारखे धारदार लागत असेल, तर पिसे फुललेली दिसली तरी ती तलंग खंगत चालली आहे. फुगलेली पिसे नजरेला फसवतात, हाताला नाही.

हिवाळ्यात खाद्य बदलावे का?

मुख्य खाद्य तेच ठेवावे, प्रमाण वाढू द्यावे. वाढत्या तलंगांना १६ ते १८ टक्के प्रथिनांचे ग्रोअर खाद्य द्यावे आणि अंडी सुरू होईपर्यंत लेअर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे) खाद्य देऊ नये, कारण त्यातील सुमारे ४ टक्के कॅल्शियम वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. मोठ्या कोंबड्या आणि तलंगा एकत्र असतील तर सर्वांना ग्रोअर आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, ही सोपी वाट आहे. झोपण्यापूर्वी मूठभर भरडलेला मका दिला तर रात्रभर त्याचे पचन चालू राहून शरीरात उष्णता तयार होते. पण मका एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ देऊ नये. त्यात प्रथिने कमी असतात आणि नेमकी प्रथिनेच पिसांना हवी असतात. जमीन बर्फाखाली गेली की कोंबड्यांना खडे मिळत नाहीत, त्यामुळे धान्य देत असाल तर बारीक खडी स्वतंत्र ठेवावी.

पाणी गोठते. काय करावे?

पाण्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. कोंबडी खाद्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिते, आणि पाणी थांबले की खाणे थांबते. वीज उपलब्ध असेल तर भांड्याखाली ठेवायची तापणारी बैठक घ्यावी. नसेल तर दोन रबरी घमेली ठेवावीत: एक बाहेर, एक घरात, रबर बर्फाने फुटत नाही, उलटे करून आपटले की गोळा सुटतो. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळच्या आधी कोमट पाणी भरावे. कोंबड्या अंधारात पीत नाहीत, त्यामुळे रात्री भांडे बाहेर काढले तरी चालते आणि आतली ओलही कमी होते. पाणी गोठू नये म्हणून त्यात मीठ किंवा अन्य काहीही मिसळू नये. मीठ पक्ष्यांना लवकर बाधते आणि गाड्यांत वापरले जाणारे गोठणरोधक द्रव तर विषच आहे.

हिमदंश झाल्यास?

तुरा आणि चोचीखालचे लोलक आधी फिके, मग काळपट दिसू लागतात; कोंबड्यांना, म्हणजे नरांना, तो अधिक होतो, कारण त्यांचा तुरा मोठा असतो. लेगहॉर्नसारख्या उंच एकेरी तुऱ्याच्या जाती यात नाजूक, तर व्हायनडॉट, ब्रह्मा यांसारख्या बुटक्या तुऱ्याच्या जाती काटक. कॅनडातील क्युबेकमध्ये २०व्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेली शँटेक्लेअर ही जात तर याच हेतूने, अगदी लहान तुरा आणि लोलक असलेली, घडवण्यात आली. बाधित भाग चोळू नये आणि तापत्या दिव्यासमोर धरू नये. पाय गारठले असतील तर ते कोमट पाण्यात सावकाश ऊब येईपर्यंत ठेवून पूर्ण कोरडे करावेत. काळे टोक कापू नये. ते आतील जिवंत भागाचे रक्षण करते आणि कालांतराने आपणहून गळते. सूज, पू किंवा लंगडेपणा दिसल्यास पशुवैद्यकाला दाखवावे. तुऱ्याला व्हॅसलीन लावणाऱ्यांनी लावावे, पण दमट खुराड्यावर तो इलाज नव्हे.

हिवाळ्यात अंड्यांसाठी दिवा लावणे योग्य आहे का?

अंडी घालण्यासाठी रोज सुमारे १४ ते १६ तास प्रकाश लागतो. मोठ्या कोंबड्यांना मंद दिव्याने तो पुरवता येतो. तलंगांना मात्र १६ ते १८ आठवड्यांपूर्वी प्रकाश वाढवून देऊ नये; शरीर पुरते भरण्याआधी अंडी सुरू झाली तर अंडे अडकण्यासारखे त्रास होतात. दिवा पहाटे लागावा, संध्याकाळी नको, कारण दिवा एकदम विझला की पक्षी दांडी न सापडता खालीच राहतात.

उवा आणि माइट थंडीत मरतात का?

नाही. पक्ष्याच्या अंगावरच राहणाऱ्या काही माइट (रक्त शोषणारे सूक्ष्म किडे) तर थंडीतच वाढतात. गुदद्वाराभोवतीची पिसे काळपट किंवा चिकट दिसतात का, पिसांच्या मुळाशी अंड्यांचे पुंजके आहेत का, हे दर पंधरवड्याला पाहावे. रक्त शोषले गेलेल्या तलंगेला थंडीशी झगडायला बळ उरत नाही. छपराखाली कोरडी माती आणि लाकडाची राख यांची पेटी ठेवावी. कोंबड्या त्यात धूळस्नान करतात.

बर्फात बाहेर सोडावे का?

सोडावे, सक्ती करू नये. वाऱ्याच्या बाजूला आडोसा आणि बर्फावर पेंढ्याची वाट केली की त्या बाहेर येतात. दिवसेंदिवस कोंडून ठेवल्यास एकमेकींची पिसे उपटण्याची खोड लागते.

लोकरीचे अंगरखे घालावेत का?

नाही. ते पिसे दाबून त्यांतील हवा घालवतात आणि भिजल्यावर ओल अंगाला धरून ठेवतात.

हिंस्र प्राण्यांचा त्रास वाढतो का?

वाढतो, कारण त्यांनाही अन्न कमी मिळते. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर नाही. खालच्या भागात आणि झडपांवर १२ मिलिमीटर छिद्रांची जाड वेल्ड केलेली जाळी लावावी.

सकाळी एखादी तलंग गारठून निपचित पडलेली आढळली तर?

तिला घरातील सौम्य उबेच्या खोलीत आणून कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळावे, पिसे ओली असतील तर टिपून घ्यावीत, आणि ऊब हळूहळू वाढवावी. मान सावरून धरण्याइतकी शुद्ध येईपर्यंत चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. शुद्धीवर आल्यावर कोमट पाणी आणि भिजवलेले खाद्य समोर ठेवावे. ती त्याच संध्याकाळी हिंडू लागली तरी तिला त्या रात्री बाहेर नेऊ नये. शक्य असल्यास एक सोबतीण देऊन काही दिवस थंड पण बंदिस्त जागेत ठेवावे, आणि दरम्यान खुराड्यात ती ज्या ठिकाणी पडली होती तिथे हात लावून पाहावा: गादी ओली आहे का, खालून वारा येतो का, की तिला दांडीवरून रोज ढकलले जात होते.